गुरुत्वाकर्षण दुबळं का, आणि त्याचा जादा मितींशी नेमका संबंध काय?

कोल्हापुरातल्या बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "स्ट्रिंग थिअरीत दहा मिती असतात, आणि गुरुत्वाकर्षण त्या जादा मितींत गळून जातं म्हणून ते एवढं दुबळं, असं एका व्हिडिओत ऐकलं. मग प्रकाश का गळत नाही? त्या मिती आपल्याला दिसत का नाहीत? आणि गुरुत्वाकर्षण गळतच असेल, तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचं काय?"

तिन्हींत शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. पण त्याचं उत्तर पहिल्या दोघांवर उभं आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

मी कोल्हापुरातच एम.एस्सी.च्या मुलांना सापेक्षता आणि पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) शिकवतो. हा प्रश्न वर्गात या ना त्या रूपात येतोच, आणि अडचण बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असते: दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात शिवलेल्या असतात. स्ट्रिंग थिअरीला (कण म्हणजे कंप पावणारे अतिसूक्ष्म तंतू, असं मानणाऱ्या सिद्धांताला) जादा मिती लागतात, ही एक गोष्ट. गुरुत्वाकर्षणाचा दुबळेपणा जादा मितींमुळे आहे, ही दुसरी. दुसरी कल्पना १९९८ साली मांडली गेली. तिने स्ट्रिंग थिअरीतून साहित्य उसनं घेतलं, पण उद्या ती साफ चुकीची ठरली तरी स्ट्रिंग थिअरी जागची हलत नाही. व्हिडिओवाले हे दोन धागे वेगळे करत नाहीत, मग ऐकणाऱ्याचा गुंता होणारच.

आधी स्ट्रिंगचा धागा. गंमत म्हणजे ही थिअरी गुरुत्वाकर्षणासाठी जन्मलीच नव्हती. १९६८ मध्ये गॅब्रिएले व्हेनेझियानो यांनी अणुकेंद्रातल्या तीव्र बलाचं वर्णन करणारं एक सूत्र दिलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लक्षात आलं की ते सूत्र कंप पावणाऱ्या तंतूंचं आहे. पण हिशेबात एक नको असलेला पाहुणा सारखा येत होता: वस्तुमान शून्य आणि स्पिन (कणाची अंगभूत गिरकी) २ असलेला कण. अणुकेंद्रात असा कण कुणाला सापडला नव्हता. १९७४ मध्ये जोएल शेर्क आणि जॉन श्वार्ट्झ यांनी, आणि स्वतंत्रपणे तमिआकी योनेया यांनी, बाजू उलटी करून पाहिली. शून्य वस्तुमान आणि स्पिन २ ही तर ग्रॅव्हिटॉनचीच, म्हणजे गुरुत्वाकर्षण वाहून नेणाऱ्या कल्पित कणाचीच लक्षणं! मग तंतूची लांबी प्रोटॉनएवढी न धरता त्याहून अब्जावधी पटींनी लहान धरायची, आणि थिअरी गुरुत्वाकर्षणाची म्हणून वाचायची.

हा स्पिन २ कुठून येतो ते समजून घेण्यासारखं आहे. टोकं मोकळी असलेल्या तंतूवर लाटा टोकाला आपटून परत फिरतात, त्यामुळे उजवीकडे जाणारी आणि डावीकडे जाणारी लाट स्वतंत्र राहत नाही. अशा तंतूच्या वस्तुमानहीन कंपनाचा स्पिन १ येतो, म्हणजे फोटॉनसारखा. बंद तंतूला, वळ्याला, टोकच नाही. तिथे दोन्ही दिशांच्या लाटा एकमेकींपासून स्वतंत्र असतात. प्रत्येकीकडून १, मिळून २. म्हणजे ज्या थिअरीत बंद तंतू आहेत तिच्यात गुरुत्वाकर्षण आपोआप येतं, बाहेरून आणावं लागत नाही. आणि मोकळी टोकं एकमेकांना जुळून वळं होऊ शकत असल्यामुळे नुसते उघडे तंतू ठेवून भागतही नाही.

जादा मितींचं कारण याहून वेगळं आहे. तंतूला पुंजयामिकीचे नियम लावले की ठरावीक मितिसंख्येलाच गणित सुसंगत राहतं. नुसत्या बोसॉनांच्या (फोटॉनसारख्या कणांच्या) थिअरीत ती संख्या २६ येते, अतिसममितीच्या (इलेक्ट्रॉनसारखे कणही जोडीला घेणाऱ्या) थिअरीत १०. यात काळाची एक मिती धरलेली आहे. म्हणजे १० मधून आपल्या ओळखीच्या चार वजा केल्या की सहा उरतात. १९९५ नंतर वेगवेगळ्या स्ट्रिंग थिअरी एकत्र बांधणाऱ्या एम-थिअरीच्या चौकटीत आणखी एक धरून ११ म्हणतात. हे आकडे सोयीसाठी निवडलेले नाहीत, हिशेबातून सक्तीने आलेले आहेत. आणि यात गुरुत्वाकर्षण दुबळं की बलवान, याचा कुठे उल्लेखही नाही, हे ध्यानात घ्या.

आता दुसरा धागा. दुबळं म्हणजे किती? दोन प्रोटॉन घ्या. त्यांच्यातलं विद्युत अपकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १०च्या ३६व्या घाताइतक्या पट मोठं आहे. दोन्ही बलं अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतात, त्यामुळे प्रोटॉन किती लांब आहेत याने हे गुणोत्तर बदलत नाही. हा आकडा एवढा प्रचंड का, याचं पटणारं उत्तर कुणाकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही.

इथे तुमच्या अभ्यासक्रमातला गाउसचा नियम उपयोगी पडतो. वर्गाचा नियम येतो कुठून? बलरेषांची एकूण संख्या ठरलेली. त्या गोलाच्या पृष्ठभागावर पसरतात. तीन मितींच्या अवकाशात तो पृष्ठभाग अंतराच्या वर्गाने वाढतो. अवकाशाला चौथी मिती असेल तर पृष्ठभाग घनाने वाढेल आणि बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटेल. तीनवर दोन जादा मिती असतील तर चौथ्या घाताने. म्हणजे अवकाशाला किती मिती आहेत हे कळायला दुर्बीण नको की तत्त्वज्ञान नको, बलाचा घातांक मोजला की झालं. पॉल एहरनफेस्ट यांनी १९१७ मध्ये दाखवलं होतं की तीनपेक्षा जास्त मितींच्या मोकळ्या अवकाशात ग्रहांच्या कक्षा स्थिर राहत नाहीत. जरा धक्का लागला की ग्रह सूर्यात तरी पडेल नाहीतर दूर तरी निघून जाईल. आपण इथे आहोत, त्याअर्थी जादा मिती असल्याच तर त्या आकाशासारख्या मोकळ्या नाहीत, लहान वर्तुळात गुंडाळलेल्या असणार.

गुंडाळलेल्या मितीची त्रिज्या समजा काही एक आहे. दोन वस्तू त्या त्रिज्येपेक्षा जवळ असतील तर बलरेषांना जादा मितीतही पसरायला वाव असतो आणि बल झपाट्याने घटतं. त्रिज्येपेक्षा खूप लांब गेल्यावर जादा मिती रेषांनी भरून गेलेली असते; पुढे पसरायला ओळखीच्या तीनच मिती उरतात आणि वर्गाचा नियम परत येतो. पण तोवर बल बरंच विरळ झालेलं असतं. मूळचं बलवान गुरुत्वाकर्षण लांबून दुबळं दिसतं ते असं. नीमा अर्कानी-हमेद, सावास दिमोपूलोस आणि गिया द्वाली यांनी १९९८ मध्ये एका लेखात हेच सुचवलं. मूळ गुरुत्वाकर्षण इतर बलांच्या तोडीचं, म्हणजे सुमारे १ टीईव्ही (एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या पातळीवर बलवान होणारं धरलं, तर त्रिज्या किती हवी? जादा मिती एकच असेल तर त्रिज्या सूर्यमालेच्या मापाची येते, ग्रहांचं गणितच कोलमडतं, म्हणून ती शक्यता तिथेच बाद. दोन असतील तर मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून मिलिमीटरपर्यंत. तीन असतील तर नॅनोमीटर. त्या वेळी वर्गाचा नियम मिलिमीटरच्या खाली कुणी नीट तपासलेलाच नव्हता! न्यूटनला तीनशे वर्षं होऊन गेली तरी. त्या लेखाने एवढी खळबळ का उडवली, ते यावरून कळेल.

मग प्रकाश का गळत नाही? याचं उत्तर कोणतं प्रारूप धरता यावर अवलंबून आहे, आणि हे मी मुद्दाम ठासून सांगतो. १९८५ मध्ये कँडेलास, होरोविट्झ, स्ट्रॉमिंजर आणि विटन यांनी सहा मिती कलाबी-याऊ नावाच्या अवकाशात गुंडाळण्याची जी वाट दाखवली, तिच्यातले तंतू सगळे बंद. तिथे प्रकाशही सर्व दहा मितींत असतो. फरक कळत नाही याचं कारण एवढंच, की त्या मिती कल्पनेपलीकडे लहान आहेत. मोठ्या मितींच्या प्रारूपात मात्र ही सवलत नाही. विद्युतचुंबकीय बल कोलायडरमध्ये, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात, प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतक्या अंतरापर्यंत तपासून झालंय. प्रकाश मिलिमीटरच्या मितीत शिरत असता तर ते कधीच लक्षात आलं असतं. म्हणून तिथे प्रकाशाला आणि आपल्याला एका त्रिमितीय पटलाला बांधून ठेवावं लागतं. ही सोय स्ट्रिंग थिअरीतल्या डी-ब्रेनने होते. जो पोल्चिन्स्की यांनी १९९५ मध्ये या पटलांचं महत्त्व दाखवलं. उघड्या तंतूची टोकं पटलाला चिकटलेली असतात, आणि प्रकाश, इलेक्ट्रॉन, क्वार्क हे सगळे उघडे तंतू. ग्रॅव्हिटॉन बंद वळं. त्याला टोकच नाही, तर चिकटणार काय?

खासबागेतली कुस्ती डोळ्यांसमोर आणा. पैलवान आखाड्यातच लढतात, बाहेर जायची मुभा नाही. पण शड्डूचा आवाज आखाड्यापुरता राहत नाही, चहूकडे जातो आणि वरही जातो. वर गेलेला वाटा जमिनीवर कान देऊन बसलेल्याला मिळत नाही, म्हणून त्याला आवाज बारीक वाटतो. पटलावरचा प्रकाश म्हणजे पैलवान आणि गुरुत्वाकर्षण म्हणजे शड्डू. ही उपमा मात्र इथेच सोडायची, कारण आवाज खरोखर ऊर्जा घेऊन जातो आणि स्थिर गुरुत्वाकर्षण नेत नाही. तुमचा तिसरा प्रश्न नेमका याच फटीतून आलाय.

त्याआधी 'दिसत का नाहीत' हा प्रश्न उरकतो. वर्तुळावर लाट बसवायची तर परिघात तरंगलांबी पूर्णांकी वेळा बसली पाहिजे. त्यामुळे त्या दिशेचा संवेग हव्या त्या आकड्याचा घेता येत नाही, ठरलेल्या पायऱ्यांवरच असतो. पहिल्या पायरीची ऊर्जा म्हणजे प्लांक स्थिरांक (दोन पायने भागलेला) गुणिले प्रकाशवेग, भागिले त्रिज्या. वरचा गुणाकार सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट-मायक्रॉन आहे, हा आकडा पाठ करून टाका. त्रिज्या १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर पहिली पायरी ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टची. दिव्याच्या प्रकाशाच्या फोटॉनकडेच दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात, म्हणजे त्या मितीत शिरायला त्याला काहीच अडचण नाही, आणि म्हणूनच प्रकाशाला पटलावर डांबणं भाग पडतं. त्रिज्या मीटरमध्ये १०च्या उणे ३४व्या घाताइतकी असेल तर पहिली पायरी २ गुणिले १०चा १८वा घात जीईव्हीची (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टची) येते. सध्याच्या सर्वात मोठ्या यंत्रात, जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, टकरीची ऊर्जा १३.६ टीईव्ही, म्हणजे १३,६०० जीईव्ही. दोन्हींत सुमारे १४ शून्यांचं अंतर. पायरीवर पाऊलच पडत नाही, तर मिती कळणार कशी?

आता ऊर्जा. सूर्य पृथ्वीला ओढतो तेव्हा सूर्यातून काही वाहून जात नाही. बलरेषा जादा मितींत पसरल्या तरी त्यांची संख्या तेवढीच राहते, फक्त विरळ होतात. खर्च कशाचाच नाही, तेव्हा अक्षय्यतेच्या नियमाला धक्का लागायचा प्रश्न नाही. टक्कर झाली, स्फोट झाला आणि ग्रॅव्हिटॉन खरोखर बाहेर पडला, की गोष्ट बदलते. जादा मितीत निघून गेलेला ग्रॅव्हिटॉन आपल्या पटलावरची ऊर्जा घेऊन जातो. सगळ्या मितींचा मिळून हिशेब जुळतो, पण आपल्या वहीत तूट दिसते. तुमच्या शंकेतली ही तूट हाच शास्त्रज्ञांनी शोधाचा मार्ग केला.

कोलायडरमध्ये ते अशी टक्कर शोधतात जिच्यात एका बाजूला कणांचा झोत आहे आणि समोर तोल सांभाळायला काहीच नाही. गोची अशी की न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही क्वचितच अडणारे अतिहलके कण, हेही असेच न दिसता निसटतात; म्हणून न्यूट्रिनोंमुळे अशा किती घटना व्हाव्यात याचा नेटका अंदाज काढून त्यापेक्षा जास्त सापडतात का ते पाहावं लागतं. जास्त सापडलेल्या नाहीत. त्यावरून, मिती दोन ते सहा धरल्या तर, गुरुत्वाकर्षण बलवान होण्याची पातळी ५ टीईव्हीच्या वरच असली पाहिजे.

याहून कडक पुरावा आकाशातून आला, तोही ही कल्पना सुचण्याआधी. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या दीर्घिकेतल्या, मोठ्या मॅगेलॅनी मेघातल्या सुपरनोव्हाचे (ताऱ्याच्या स्फोटाचे) न्यूट्रिनो पृथ्वीवर पोहोचले. जपान, अमेरिका आणि रशियातल्या यंत्रांनी मिळून जेमतेम दोन डझन पकडले, पण ते सुमारे दहा सेकंदांच्या अवधीत विखुरलेले होते, आणि ताऱ्याचा गाभा न्यूट्रिनोंवाटे थंड व्हायला अपेक्षित होता तसा वेळ तो घेत होता. उष्णता जादा मितींत पाझरली असती तर गाभा लवकर थंडावून हा वर्षाव आधीच आटोपला असता. दोन जादा मितींच्या बाबतीत त्यावरून त्रिज्या मायक्रॉनच्या खाली ढकलली जाते. दोन डझन न्यूट्रिनोंनी एवढं सांगावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि थेट घातांक मोजण्याचं काम सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने केलं. साधन जुनंच, कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये वापरलेल्या टॉर्शन बॅलन्सच्या कुळातलं. बारीक धाग्याला टांगलेली खाचा पाडलेली चकती, खाली तशीच फिरणारी दुसरी, आणि विद्युत बल अडवायला मध्ये ताणून बसवलेला धातूचा पातळ पडदा. २००७ मध्ये ते ५५ मायक्रॉनपर्यंत आले, २०२० मध्ये ५२ पर्यंत. केसाच्या जाडीच्या आसपासच्या अंतरावरही वर्गाचा नियम तसाच. एक मोठी जादा मिती असलीच तर तिची त्रिज्या ३० मायक्रॉनपेक्षा कमी, असं त्यातून निघतं. तेरा वर्षांत तीन मायक्रॉन म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण या अंतरावर धुळीचा कण, उरलेला विद्युतभार, जमिनीचा हादरा, सगळेच गुरुत्वाकर्षणाला झाकून टाकतात.

व्हिडिओंत बऱ्याचदा गुरुत्वीय लहरींचाही दाखला देतात. १७ ऑगस्ट २०१७ ला नोंदलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनात लहरींवरून आलेलं अंतर आणि दीर्घिकेचं अंतर जुळलं, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं. म्हणजे वाटेत लहर कमी झालेली नाही. पण हा पुरावा विश्वाच्या मापाच्या जादा मितींविरुद्ध आहे. त्या लहरींची लांबी शेकडो ते हजारो किलोमीटर होती, मायक्रॉनच्या मितीची तिला दादही लागणार नाही. हिंगोलीतल्या औंढा नागनाथजवळची लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा सुरू झाली की अशा घटनांची दिशा जास्त अचूक कळेल, पण गुंडाळलेल्या मितींबद्दल तिच्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नका.

लिसा रँडल आणि रमण सुंदरम यांनी १९९९ मध्ये आणखी एक वाट दाखवली. तिच्यात मिती मोठी नसते, अवकाश वक्र असतं आणि ग्रॅव्हिटॉनची लाट आपल्यापासून दूरच्या पटलाशी एकवटलेली असते. तिचा तपास कोलायडरमध्ये चालतो, आणि तिथेही अजून हात रिकामेच आहेत.

तर माझं मत विचाराल तर: दुबळेपणाचं मोठ्या मितींचं स्पष्टीकरण १९९८ मध्ये जितकं आकर्षक होतं तितकं आज नाही, जागा फार आक्रसलीय. स्ट्रिंग थिअरीच्या सहा मितींना मात्र यातला एकही प्रयोग शिवलेला नाही, ना बाजूने ना विरुद्ध. काही सहकारी यालाच तिचा दोष मानतात आणि त्यांच्याशी माझं फारसं भांडण नाही. आपल्याच गावात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासोबत १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला होता. त्याची चर्चा शेवटी निरीक्षणांच्या मैदानातच झाली, आणि स्ट्रिंगवाल्यांनाही कधीतरी तिथे उतरावं लागेल.

एक ताजी गोष्ट मात्र लक्षात ठेवा. २०२२ मध्ये मोंतेरो, वाफा आणि वालेंझुएला यांनी स्ट्रिंग थिअरीच्याच अंगाने असं मांडलं की कृष्ण ऊर्जा (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी ऊर्जा) इतकी अल्प असण्याशी मायक्रॉनच्या आसपासची एकच जादा मिती निगडित असावी. कृष्ण ऊर्जेच्या घनतेतून लांबी काढली तर ८०-९० मायक्रॉन येते, तिथून हा धागा सुरू होतो. यात मूळ गुरुत्वाकर्षणाची पातळी टीईव्हीच्या खूप वर, १०च्या ९व्या-१०व्या घाताइतक्या जीईव्हीवर जाते, त्यामुळे आधी बाद झालेली एक मिती इथे चालते आणि दुबळेपणाचा प्रश्न थोडाच सुटतो. पटणं न पटणं पुढचं, पण टॉर्शन बॅलन्सवाल्यांना ३० मायक्रॉनच्या खाली उतरायला एक नेमकं कारण मिळालंय.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. सहा मोठ्या मिती आणि १ टीईव्ही धरा. त्रिज्या मीटरमध्ये १०च्या उणे १४व्या घाताजवळ येईल. पहिल्या पायरीची ऊर्जा काढा, ती २० एमईव्हीच्या (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) आसपास यायला हवी. सुपरनोव्हाच्या गाभ्याचं तापमान साधारण ३० एमईव्ही, म्हणजे पायरी आवाक्यात आहे. तरीही १९८७ चा पुरावा दोन मितींना जसा झोडपतो तसा सहांना झोडपत नाही. का? सूचना: जादा मितींत जाणारा पाझर तापमान भागिले टीईव्ही पातळी या गुणोत्तराच्या, मितींच्या संख्येत दोन मिळवून येणाऱ्या घाताप्रमाणे बदलतो. दोन्ही आकडे घालून बघा आणि काय गुणोत्तर येतं ते लिहा.